वसईचें नगर कोणीं मोडलें?

(१)

वसईच्या मोहिमेविषयीं महाराष्ट्रांत जितकें लिहिलें गेलें आहे तितकें वसईच्या नगराविषयीं लिहिलें गेलेलें नाहीं. मोहीम दोन वर्षांची. फिरंग्यांचें नगर दोनशें वर्षांचें. मोहिमेचा शेवट सर्वांस ठाऊक आहे. नगराचा शेवट कसा झाला हा प्रश्न मात्र मोहिमेच्या पोटांत सुटला असें समजून आपण स्वस्थ राहिलों.

प्रस्तुत लेखक तीस वर्षें शाळेंत संस्कृत व इतिहास शिकवीत होता. त्या अवधींत दरसाल एक वाक्य तो मुलांस सांगत आला. तें असें कीं, शके १६६१ मध्यें चिमाजीआप्पांनीं वसई सर केली आणि फिरंग्यांचें तें वैभवशाली नगर धुळीस मिळविलें. मुलें तें वाक्य उत्तरपत्रिकेंत लिहीत आणि त्यांस पुरे गुण मिळत. सेवानिवृत्तीनंतर वेळ हाताशीं आला, तेव्हां दादरहून गाडीनें जाऊन कोटांतील शिला पुन्हां पुन्हां पाहिल्या व छापील कागद क्रमानें वाचले. तेव्हां असें दिसून आलें कीं, वाक्याच्या पूर्वार्धास आधार भरपूर आहेत. उत्तरार्धास जवळजवळ नाहींत. निर्मूल असें कांहीं लिहिणार नाहीं, ही मल्लिनाथाची प्रतिज्ञा मुलांस शिकविणाऱ्यानें स्वतः मात्र ती इतकीं वर्षें मोडली, हें कबूल करणें भाग आहे. प्रस्तुत लेख त्या कबुलीदाखल आहे.

या वाक्याची आणखी एक गंमत आहे. तें दोन परस्परविरुद्ध पक्षांस सारखेंच प्रिय आहे. एक पक्ष तें अभिमानानें म्हणतो, दुसरा खेदानें म्हणतो. पण वस्तुस्थितीविषयीं दोघांचें एकमत. दोन प्रतिपक्षी एखाद्या गोष्टीविषयीं न तपासतां एकमत होतात, तेथें इतिहासाच्या अभ्यासकानें विशेष सावध असावें.

(२)

प्रथम नगर कसें वसलें तें थोडक्यांत सांगतों. इ. स. १५३३ त नूनो द कुन्या यानें वसईवर हल्ला केला. त्यानंतर २३ डिसेंबर १५३४ रोजीं गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें तह करून वसई, साष्टी, मुंबई व भोंवतालचीं बेटें फिरंग्यांस दिलीं. मोंगल बादशहा हुमायून याची धास्ती हें या औदार्याचें मूळ होतें. इ. स. १५३६ त गार्सिया द सा हा पहिला कप्तान असतां किल्ल्याचें काम सुरू झालें. त्या अर्थाचा शिलालेख आंतल्या जुन्या बालेकिल्ल्यास होता व वसईच्या फिरंगी लेखांत तो सर्वांत जुना. पुढें बालेकिल्ल्याभोंवतीं विस्तीर्ण कोट झाला. त्याचा घेर सुमारें दीड मैल. कोटास बुरूज असून त्यांस संतांचीं नांवें होतीं: सां सेबास्तियांव, रेमेदियुश, रैश मागुश, मात्र द देउश इत्यादि. दरवाजे मुख्य दोन. एक समुद्राचा व एक जमिनीचा.

कोटाच्या आंत प्रत्येक संप्रदायाचा मठ व देऊळ होतें. मुख्य देऊळ संत जोसेफचें. तें इ. स. १५४६ च्या सुमारास बांधण्याची आज्ञा पोर्तुगालच्या राजानें दिली होती, आणि इ. स. १६०१ त आर्चबिशप आलेशू द मेनेझिश याच्या अमदानींत तें पुन्हां बांधलें, असें त्याच्या दारावरील शिला सांगते. जेझुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन व ऑगस्टिनियन या चौघांच्याही वास्तु येथें होत्या. फ्रान्सिस्कनांच्या देवळाच्या भूमींत बसविलेल्या थडग्यांच्या शिलांवर गृहस्थांचीं नांवें, कुळें व सालें आजही वाचतां येतात. नगरांतील कुलीन फिरंग्यांची संख्या इतकी कीं, गोव्याचे लोक या नगरास थट्टेनें 'दों वसई' म्हणत. दों ही त्यांच्यांतील मानाची पदवी. उत्तरेकडील दमण, वसई, चौल इत्यादि मुलखाचा जनरल येथेंच राहत असे.

वसईचा काळा दगड गलबतांतून गोव्यास जाई. जुन्या गोव्यांतील बों जेझूसच्या दर्शनी भागांतील काळा दगड वसईकडचा आहे. जपानांत नागासाकी येथें ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं ज्या सव्वीस जणांस क्रूसावर चढविलें, त्यांतील गोन्सालो गार्सिया हा वसईचा. इ. स. १८६२ त त्यास संतपद मिळालें व तो हिंदुस्थानांत जन्मलेला पहिला संत ठरला. नगराचा व्याप किती दूरवर होता हें दाखविण्यास एवढें पुरे.

मुंबईकरांस हें नगर परकें नाहीं. सुमारें एकशें तीस वर्षें मुंबई ही वसईची ताबेदार होती. त्या काळीं मुंबईचें बेट ज्यास भाडेपट्ट्यानें मिळालें तो गार्सिया द ओर्ता हा वैद्य होता. हिंदुस्थानांतील औषधींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ गोव्यास इ. स. १५६३ त छापला गेला. दादर येथें ज्यास लोक आजही 'पोर्तुगीज चर्च' म्हणतात त्याची स्थापना फ्रान्सिस्कनांनीं इ. स. १५९६ त केली. हल्लींची इमारत अगदीं नवी, चार्ल्स कोरिया यांनीं विसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत उभारलेली. पण बस थांबते ती जुन्याच नांवानें. इ. स. १६६१ च्या विवाहाच्या तहानें मुंबई इंग्रजांस देऊं केली, तरी वसईच्या जमीनदारांचा व गोव्याच्या व्हाइसरॉयाचा विरोध इतका कीं, प्रत्यक्ष ताबा १८ फेब्रुवारी १६६५ रोजीं मिळाला. ताबेपत्राचा कागद झाला तो दोना इनेश द मिरांदा या विधवा जमीनदारणीच्या वाड्यांत. इंग्रजी मुंबईचा पहिला कागद अशा रीतीनें वसईच्या अमलांतील घरांत लिहिला गेला.

(३)

आतां मुख्य प्रश्न. इ. स. १७३९ त मराठ्यांच्या हातीं लागलें तें नगर भरभराटलेलें होतें काय? याचें उत्तर फिरंगी व परदेशी कागदच देतात.

मे १६१८ मध्यें वसईच्या किनाऱ्यावर भयंकर तुफान झालें. देवळांचीं छप्परें उडालीं, झाडें उन्मळलीं व गलबतें बुडालीं, असें तत्कालीन वृत्तांत सांगतात. इ. स. १६२२ त इराणच्या आखातांतील होर्मूझ फिरंग्यांच्या हातून गेलें व त्या बंदराशीं असलेला व्यापार तुटला. इ. स. १६६५ त मुंबई गेली. ही हानि केवळ एका बेटाची नव्हती. वसईच्या दक्षिणेस उत्तम बंदर इंग्रजांच्या हातीं जाऊन व्यापारी, कारागीर व विणकर हळूहळू तिकडे वळले. इ. स. १६७४ त मस्कतचे सुमारें सहाशें अरब वसईजवळ उतरले. कोटांतील शिपाई बाहेर पडेनात, आणि त्यांनीं कोटाबाहेरचीं देवळें लुटलीं. त्याच सुमारास शिवाजीमहाराजांचे पेशवे मोरोपंत यांचें ठाणें कल्याणास असून वसईकडे चौथाईची मागणी होत होती. इ. स. १६९५ त जेमेली कारेरी हा इटालियन प्रवासी आला; रोगाच्या सांथीनें या किनाऱ्यावरील नगरें कशीं ओस पडलीं याचें वर्णन त्यानें लिहून ठेविलें आहे.

तात्पर्य, मोहिमेपूर्वीं शंभर वर्षें नगराची शक्ति उतरत होती. तटास पैका मिळत नव्हता, शिबंदी अपुरी होती. यांत मराठ्यांच्या पराक्रमास उणेपणा येत नाहीं. ज्या कोटापुढें दोन पावसाळे व हजारों माणसें खर्चीं पडलीं, तो कोट दुबळा होता असें कोण म्हणेल? परंतु कोट बळकट असणें आणि नगर सुखी असणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या एकच मानल्या.

(४)

मोहिमेचा वृत्तांत येथें पुन्हां सांगण्याचें प्रयोजन नाहीं. अणजूरचे गंगाजी नाईक, मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे इत्यादि स्थानिक मंडळींचा उद्योग, इ. स. १७३७ च्या वसंतांत ठाण्यावरील छापा, जानेवारी १७३९ त तारापूर येथें बाजी भिवराव यांचें पतन, हें सर्व वाचकांस परिचित आहे. सरदेसायांनीं संपादिलेल्या पेशवे दफ्तराच्या सोळाव्या खंडांत या मोहिमेचे मूळ कागद आहेत. फिरंगी बाजूचे कागद पांडुरंग पिसुर्लेंकरांनीं गोव्याच्या दफ्तरांतून उजेडांत आणले. दोन्ही बाजू ताडून पाहण्याची सोय असलेले प्रसंग आपल्या इतिहासांत फार थोडे आहेत. वसई हा त्यांतील एक.

आरंभीं तिथींचा घोंटाळा दूर केला पाहिजे. शरणागतीचा दिवस कोणी ५ मे देतात, कोणी १६ मे. दोन्ही बरोबर आहेत. इंग्रज त्या वेळीं जुनी गणना चालवीत व ती त्यांनीं इ. स. १७५२ पर्यंत सोडली नाहीं. फिरंग्यांनीं नवी गणना इ. स. १५८२ तच स्वीकारली होती. अठराव्या शतकांत दोहोंत अकरा दिवसांचें अंतर पडे. मराठी गणनेनें तो दिवस शके १६६१, सिद्धार्थी नाम संवत्सर, वैशाख शुद्ध पक्षांतील. ज्यांच्या संग्रहीं या मोहिमेचे कागद आहेत त्यांनीं हें अंतर लक्षांत न ठेविल्यास हल्ला होण्यापूर्वीं तह झाला असें विपरीत अनुमान निघूं शकतें.

आतां नाश कोठें झाला तें पाहूं. वसईस तीन बाजूंनीं खाडी, समुद्र व दलदल; हल्ला शक्य तो उत्तरेच्या, म्हणजे जमिनीच्या बाजूनें. त्याप्रमाणें सुरुंग लागले ते उत्तरेच्या सां सेबास्तियांव व रेमेदियुश या बुरुजांकडे. खिंडार पडलें तेथेंच व माणसें पडलीं तींही तेथेंच. देवळें व वाडे यांची मुख्य दाटी दक्षिणेस, समुद्राच्या अंगास. तोफांचे गोळे तेथवर पोंचले असतील. परंतु सुरुंगांनीं उडविला तो तट, नगर नव्हे. आजही कोटांत हिंडणारास उत्तरेकडील तटाची स्थिति व दक्षिणेकडील देवळांची स्थिति यांतील फरक सहज दिसतो. देवळांच्या भिंती व मनोरे बव्हंशीं उभे आहेत. नाहींत तीं छप्परें.

दुसरें प्रमाण शरणागतीच्या कलमांचें. कप्तान कायतानु द सोझ परैर यानें तीं मान्य केलीं. शिबंदीनें हत्यारें, निशाणें व वाद्यांसह बाहेर पडावें. कुटुंबांनीं आपली चीजवस्त घेऊन जावें. जे मागें राहतील त्यांच्या धर्मास उपद्रव होऊं नये. अशा अर्थाचीं कलमें त्यांत आहेत. कबुलीनंतर आठ दिवसांनीं, नव्या गणनेनें २३ मे रोजीं, कोट मराठ्यांच्या स्वाधीन झाला. इतकीं माणसें गमावल्यावर विजेत्यानें असा सन्मान द्यावा, हें त्याच्या धोरणाचें द्योतक आहे. त्यास नगर हवें होतें, राख नको होती.

तिसरें प्रमाण पुढील कारभाराचें. शंकराजी केशव फडके हे वसईचे सरसुभेदार झाले. वसईस बाजीपूर असें नांव दिलें गेलें. सुभ्याचें ठाणें येथेंच राहिलें. कोटांत नागेश्वराचें व वज्रेश्वरीचें देऊळ झालें. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं जो प्रसिद्ध तह केला त्यासही वसईचेंच नांव. राज्यकर्ता आपल्या सुभ्याचें ठाणें स्वहस्तें उध्वस्त करून त्यांतच साठ वर्षें बसतो, हें संभवनीय वाटत नाहीं.

(५)

तर मग मराठ्यांच्या अंगावर कांहींच येत नाहीं काय? तसें नाहीं. येतें तेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. देवळांच्या घंटा त्यांनीं नेल्या. नाशकास पंचवटीच्या बाजूस गोदावरीच्या कांठीं नारोशंकराचें देऊळ आहे. तें इ. स. १७४७ त बांधलें गेलें व त्याच्या तटावर लटकणाऱ्या प्रचंड घंटेवर इ. स. १७२१ हें साल आहे. मेणवलीस नाना फडणिसांच्या घाटावरील देवळांत जी घंटा आहे तिच्यावर बाळ येशूसह मारियेची आकृति दिसते. पालीच्या बल्लाळेश्वराची घंटा चिमाजीआप्पांनीं दिली अशी प्रसिद्धि आहे. भीमाशंकरासही अशीच घंटा आहे. या सर्वांस सामान्यतः 'वसईच्या घंटा' म्हणतात.

येथें संग्राहकांनीं थोडा विवेक करावा अशी विनंति आहे. फिरंगी घंटा ती वसईची घंटा, अशी व्याप्ति बांधतां येत नाहीं. त्याच मोहिमेंत ठाणें, साष्टी, माहीम, तारापूर व वेसावें घेतलें गेलें, पुढें इ. स. १७४० त रेवदंडा व कोर्लई मराठ्यांकडे आले. या प्रत्येक ठिकाणीं देवळें होतीं व देवळांस घंटा होत्या. घंटेवर साल असतें. कित्येकदां संताचें किंवा मठाचें नांव असतें. त्या नांवावरून मूळ देऊळ ठरवितां येईल. हें काम कोणी एकानें करण्यासारखें नाहीं. प्रत्येकानें आपल्या जवळच्या देवळांतील घंटेचा ठसा घ्यावा, उंची व व्यास मोजावा, अक्षरें जशीं दिसतील तशीं उतरून ठेवावीं. वसईच्या बाबतींत या घंटा म्हणजे धातूवर लिहिलेले कागदच आहेत.

विलंब झाल्यास काय होतें याचा एक अनुभव सांगतों; गांवाचें नांव सांगत नाहीं. कोंकणांतील एका देवळांत तडा गेलेली एक जुनी घंटा प्रस्तुत लेखकानें विद्यार्थिदशेंत पाहिली होती. तिच्या कडेस रोमन अक्षरें होतीं. तीं वाचण्याची अक्कल तेव्हां नव्हती. चाळीस वर्षांनंतर कागद व शाई घेऊन गेलों, तों तेथें नवी चकचकीत घंटा. जुनी ओताऱ्याकडे देऊन तिचेंच तांबें-कथील पुन्हां ओतून घेतलें होतें. मंडळींनीं श्रद्धेनेंच केलें. तडा गेलेल्या घंटेचा नाद देवास बरा नाहीं असें त्यांस वाटलें. दोष त्यांचा नव्हे. ती घंटा काय सांगत होती हें त्यांस कोणीं सांगितलेंच नव्हतें, आणि ज्यास तें सांगतां आलें असतें तो चाळीस वर्षें उशिरा पोंचला.

घंटांखेरीज दुसरा दोष उपेक्षेचा. फिरंगी कुटुंबें गोव्यास व मुंबईस गेलीं, पाद्री गेले, मठ रिकामे झाले. सागवानी तुळया व कौलें यांवर उभें असलेलें छप्पर कोंकणच्या पावसांत दुरुस्तीवांचून किती वर्षें टिकणार? छप्पर गेलें कीं भिंतींच्या माथ्यावर पाणी मुरतें, चुना सुटतो, पिंपळ व वड मुळें घालतात. हें सर्व तोफेवांचून होतें. ज्या इमारतीस उपासक उरला नाहीं तिची दुरुस्ती करण्याचें कारण सुभेदारास वाटलें नसावें. म्हणून मराठ्यांनीं नगर मोडलें असें म्हणण्यापेक्षां, त्यांनीं तें मोडूं दिलें असें म्हणणें अधिक न्याय्य होईल.

(६)

पुढचा भाग इंग्रजांचा. नोव्हेंबर १७८० त जनरल गॉडर्डनें वसईस वेढा घातला, तोफांचे मोर्चे बांधले व ११ डिसेंबरास कोट घेतला. म्हणजे चाळीस वर्षांत दुसऱ्यांदां या तटावर तोफा चालल्या. पण आपल्या शालेय पुस्तकांत दुसऱ्या वेढ्याची आठवण सहसा नसते. इ. स. १७८२ च्या सालबाईच्या तहानें वसई परत आली, साष्टी मात्र आली नाहीं. ही गोष्ट नगराच्या दृष्टीनें लहान नव्हे. साष्टी इंग्रजांकडे राहिल्यानें वसई ही सरहद्दीवरील चौकी होऊन बसली. व्यापारी सरहद्दीवर घर बांधीत नाहीं. पुढें पेशवाईच्या अखेरीस वसई कायमची इंग्रजांकडे गेली, आणि सुभ्याचें ठाणेंही उरलें नाहीं.

इ. स. १८२५ त कलकत्त्याचा बिशप हेबर वसईस आला. कोटांत थोड्या पहारेकऱ्यांशिवाय कोणी राहत नाहीं, पडक्या घरांच्या व देवळांच्या मध्यें एक लहानसें हिंदु देऊळ तेवढें नीट राखलेलें आहे, अशा आशयाचें त्याचें वर्णन आहे. नगर निर्जन झाल्याचा हा तारखेनिशीं साक्षीदार. पुढें याच कोटाच्या भूमींत ऊंस लावून साखर करण्याचा एका युरोपियनाचा प्रयोगही इंग्रज सरकारच्या संमतीनें झाला. जेथें मठांचे बाग होते तेथें नांगर फिरला.

शेवटीं इ. स. १८७६ त मुंबईचे वैद्य व पुराणवस्तुसंशोधक डॉ. जुझे जेर्सन द कुन्या यांनीं चौल व वसई यांच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला. कोटांतील शिलालेख एकेक वाचून त्यांनीं छापले. दीडशें वर्षांच्या पावसानें पुसट केलेल्या अक्षरांस आज त्यांची नक्कल हाच मोठा आधार आहे. मूळ गोंयकार असलेल्या या गृहस्थानें मुंबईंत वैद्यकी करीत असतां फावल्या वेळांत केलेलें हें काम पाहून, आम्ही पेन्शनी मास्तरांनीं वेळ नाहीं असें म्हणण्याची सोय राहत नाहीं.

एकूण हिशेब असा: इ. स. १७३९ त नगर खिळखिळें पण वस्तीचें, इ. स. १८२५ त निर्जन. मधल्या शहाऐंशी वर्षांत तें मेलें. वसई घेणें व वसई ओस पडणें या दोन गोष्टींत आपण जो कार्यकारणभाव जोडला तो बव्हंशीं काकतालीय न्यायाचा. कावळा बसला हें खरें, ताडाचें फळ पडलें हेंही खरें. पण देंठ आधींच सुटत आला होता, आणि फळ पडलें तें बऱ्याच काळानें.

(७)

नगर मेलें तरी त्याचा मुलूख मेला नाहीं, हेंही नमूद केलें पाहिजे. फिरंगी गेले; शेत करणारे, मासे मारणारे, बागा शिंपणारे ख्रिस्ती लोक येथेंच राहिले. कोटाबाहेर पापडी, रमेदी, निर्मळ येथें इगर्जी आजही भरतात. रमेदी हें गांवाचें नांवच रेमेदियुश या फिरंगी शब्दाचें मराठी रूप आहे. त्यांच्या पूर्वजांसाठीं फ्रान्सिस्कु वाझ द गिमरांइश या पाद्र्यानें येशूच्या दुःखभोगावर जें मराठी पुराण रचलें, तें रोमन अक्षरांत लिस्बनला इ. स. १६५९ त छापलें गेलें. उत्तर कोंकणच्या बोलीचा इतका जुना छापील नमुना दुसरा क्वचितच असेल. गोव्याकडील स्टीफन्सच्या पुराणाची चर्चा आपण पुष्कळ करतों. या वसई-साष्टीच्या पुराणाची मात्र फारशी करीत नाहीं. गिरगांवांत खोताच्या वाडींत, दादरास व वांद्र्यास जे ईस्ट इंडियन म्हणून ओळखले जातात, त्यांच्या घरांत जुन्या प्रति निघण्याचा संभव आहे. संग्राहकांनीं तिकडेही पाहावें. ते लोक आपल्याच भाषेचे आहेत.

आतां प्रश्नाचा जो भाग शिल्लक राहतो तो कागदांनींच सुटेल. इ. स. १७३९ ते १८१८ या काळांतील वसई सुभ्याचे जमाखर्च पुण्याच्या दफ्तरांत आहेत. कांहीं कागद अणजूर, आगाशी, मालाड, माहीम येथील व मुंबईच्या पाठारे प्रभु घराण्यांच्या पेट्यांत असावयाचे. असे कागद हातीं आल्यास केवळ लढाईच्या बातम्या न शोधतां पुढील नोंदी शोधाव्या: कोटाच्या डागडुजीस किती रुपये पडले, सागाच्या तुळया कोठून काढून कोठें नेल्या, कौलें, चिरा व लोखंड कोणास दिलें, घंटा कोणत्या देवस्थानास व कोणाच्या आज्ञेनें पोंचली, फिरंग्यांच्या रिकाम्या वाड्यांत कोण राहावयास आले. दोन ओळींच्या अशा एका नोंदीनें जें ठरेल तें वीस पानांच्या वादानें ठरणार नाहीं. व तें ठरल्यावर वरील अनुमानांपैकीं एखादें चुकीचें निघालें, तर प्रस्तुत लेखक तें आनंदानें मागें घेईल. एक वाक्य तीस वर्षांनीं मागें घेण्याचा सराव त्यास झालाच आहे.

वसई तालुका इ. स. २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत आला आहे. कोट पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे. कोटांत चिमाजीआप्पांचें स्मारक आहे, व जवळच जेझुइटांच्या देवळाचा दर्शनी भाग अजून डौलानें उभा आहे. दोन्ही एकाच दिवशीं पाहतां येतात. मुलांस तेथें नेणाऱ्या शिक्षकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, त्यांनीं जुन्या वाक्याऐवजीं पुढील वाक्य सांगावें: शके १६६१ त चिमाजीआप्पांनीं मोठ्या पराक्रमानें वसईचा कोट घेतला, शंभर वर्षें उतरणीस लागलेलें नगर त्यानंतर माणसांवांचून व छपरावांचून हळूहळू मोडलें, आणि त्या मोडण्यांत फिरंगी, मराठे, इंग्रज व पाऊस या चौघांचाही हात आहे. वाक्य लांब झालें व उत्तरपत्रिकेंत लिहिण्यास गैरसोयीचें आहे, हें खरें. परंतु त्यास गुण द्यावे.